सात लिटर पाण्यात अख्खी गाडी : रिन्सलेस वॉश पहिल्यांदा करताना

नर्मदेचं पाणी जलूदहून निघतं आणि सत्तरेक किलोमीटर पाइपातून, विंध्याचा चढ चढत इंदूरला पोचतं. शहराच्या बऱ्याच भागांत ते दिवसाआडच मिळतं. तेच पाणी नळीने गाडीवर सोडलं, तर मिनिटाला दहा लिटर धरले तरी पंधरा मिनिटांत दीडशे लिटर गटारात जातात. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये तर नळीचा प्रश्नच येत नाही. तिथे एक बादली, एक पोछा आणि पाच मिनिटांत गाडी ‘साफ’.

त्या पोछाने काय होतं हे पाहायचं असेल, तर रात्री पार्किंगच्या एलईडी दिव्याखाली एखाद्या काळ्या गाडीच्या बॉनेटकडे तिरकं बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. खरं तर त्या गोल नसतात. ओरखडे सगळ्या दिशांनी पडलेले असतात, त्यातले दिव्याभोवती आडवे येणारे तेवढेच चमकतात. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो, जवळपास डोक्याच्या एका केसाइतका. धुळीतली वाळू त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. फडक्याखाली ती घासली गेली की रेघ ओढलीच.

रिन्सलेस वॉशचं, म्हणजे वरून पाणी न मारता नुसतं पुसून काढायचं द्रावण याच ठिकाणी कामाला येतं. त्यातली पॉलिमर आणि सर्फॅक्टंट (साबणासारखी मळ सोडवणारी रसायनं) धुळीच्या कणांना वेढतात, रंगापासून सुटे करतात आणि मध्ये एक निसरडा थर ठेवतात. कण मग मायक्रोफायबरच्या लवेत अडकून निघून जातो. शॅम्पू वाळला की डाग राहतात, म्हणून तो पाण्याने काढावाच लागतो. हे द्रावण पुसून कोरडं केलं की संपलं, वरून पाणी ओतायचं नाही. पण बाटलीवर सगळा भरवसा टाकू नका. निम्म्याहून जास्त काम कापड करतं. उत्तम द्रावण आणि एकच फडकं यापेक्षा साधं द्रावण आणि दहा स्वच्छ कापडं केव्हाही बरी.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. वॉटरलेस वॉश नावाचाही प्रकार मिळतो. त्यात बादली नसते, स्प्रे मारायचा आणि पुसायचं. एक-दोन दिवसांच्या हलक्या धुळीला तो चालतो. आठवड्याच्या धुळीला बादलीवाला रिन्सलेसच हवा.

काय काय लागेल

रिन्सलेस वॉशची बाटली. 40 बाय 40 सेंटिमीटरची मायक्रोफायबर कापडं: हॅचबॅकला आठ, सेदान किंवा एसयूव्हीला दहा. जाडी 300 ते 400 जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) पुरे. कोरडं करायला वेगळा, 600 जीएसएमच्या आसपासचा मोठा टॉवेल, शक्यतो दोन. एक बादली. बागेत फवारणीला वापरतात तो दोन लिटरचा हातपंप. चाकांसाठी दोन जुनी कापडं आणि एक छोटी बादली किंवा डबा. माप घ्यायला मेडिकलमधून 10 किंवा 20 मिलिची सिरिंज, सुई नको.

नव्या कापडाच्या कोपऱ्याला शिवलेलं लेबल कापून टाका. त्याची कडा बरीच टणक असते. कापडं वापरण्याआधी एकदा धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या दिवशी त्यांचीच लव गाडीला चिकटून राहील. पिवळा स्पंज मात्र घेऊ नका. त्याचा पृष्ठभाग सपाट असतो, वाळूला आत जायला जागा नसते, त्यामुळे ती स्पंज आणि रंग यांच्यामध्येच घरंगळत राहते. आंघोळीचा जुना टॉवेल आणि बनियनचं फडकं यांनाही इथे काम नाही.

पाणी कुठलं आणि किती

नळाला येणारं नर्मदेचं पाणी मिळत असेल तर तेच घ्या. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात आणि पाणी वाळलं की पांढरे ठिपके मागे राहतात. टँकरचं पाणी बहुतेक वेळा बोअरचंच असतं. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी गाडीला वापरायची पद्धत घराघरांत आहे. पाणी वाया जात नाही हे खरं, पण क्षार त्यातच साचलेले असतात, म्हणजे डागांसाठी त्याच्याइतकं वाईट पाणी दुसरं नाही. ते फरशीला वापरा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र गाडीसाठी छान. ते हवेतली वाफ गार होऊन बनलेलं असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. हवा दमट असेल तर रात्रभर बादली ठेवली की बरंच जमतं.

मापाबाबत बाटलीवर लिहिलेलं असेल तेच प्रमाण. या प्रकारातलं सगळ्यात ओळखीचं द्रावण म्हणजे ऑप्टिमम नो रिन्स. त्याचं धुण्याचं प्रमाण 1:256 आहे, म्हणजे एक लिटर पाण्याला साधारण 4 मिलि. बादलीत सहा लिटर पाणी आणि 24 मिलि द्रावण, हातपंपात एक लिटर आणि 4 मिलि. एका धुण्याला 28 मिलि लागले, म्हणजे 500 मिलिची बाटली सतरा-अठरा वेळा पुरते. दुसऱ्या कंपन्यांचं प्रमाण वेगळं असतं, काहींना तिप्पटही लागतं. तेव्हा एका बाटलीचं माप दुसरीला लावू नका.

बादलीत सहा लिटर किती उंचीवर येतात हे एकदा लिटरच्या बाटलीने मोजून आतून मार्करने रेघ मारून ठेवा. अंदाजाने ओतणारे लोक नेहमी जास्त ओततात, आणि त्याला कारण आहे. या द्रावणाला शॅम्पूसारखा फेस येत नाही. फेस नाही म्हणजे औषध कमी पडलं असं वाटतं आणि आणखी एक झाकण जातं. मग गाडी पुसल्यावर चिकट वाटते, काचेवर तेलकट लाटा दिसतात, आणि दोष बाटलीला मिळतो. फेस नसणं हीच त्याची रीत आहे. फेसासाठी शॅम्पू मिसळायचा मोहही नको, तसं केलं की परत वरून पाणी मारणं आलं.

आधी पाणी, मग द्रावण, मग हाताने एक ढवळा. सगळी कापडं एकदमच बादलीत बुडवून ठेवा.

आधी गाडीकडे बघा

रोजची शहरातली धूळ, पावसाचे शिंतोडे, एबी रोडवरचा धूर आणि काजळी, हे सगळं रिन्सलेसने निघतं. चिखल निघत नाही. पावसाळ्यात मांडू किंवा पाताळपाणीकडे जाऊन आलेली गाडी बघा: दाराच्या खालच्या भागावर आणि चाकांच्या कमानीत माळव्याची काळी माती थरांनी बसलेली असते. ही माती वाळली की दगड आणि ओली असली की डिंक. तिच्यावर कापड फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवणं. अशी गाडी आधी वॉशिंग सेंटरला नुसत्या प्रेशरच्या पाण्याने मारून घ्या. ‘फक्त पाणी, हात लावू नका’ हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तिथलं फडकं फिरतंच. मग घरी येऊन उरलेलं रिन्सलेसने करा.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशीही तेच. राजवाड्याच्या गेरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या आसपास उभी असलेली गाडी गुलालाने माखलेली असते. कोरडा गुलाल ओल्या कापडाने पुसायला घेतला की त्याचा रंगीत चिखल होतो, आणि काळ्या प्लास्टिकच्या व रबराच्या बारीक दाण्यांत तो जाऊन बसतो. हवेने उडवता आला तर आधी उडवा, मग भरपूर पाणी, रिन्सलेस सगळ्यात शेवटी. त्या दिवशी सात लिटरचा हट्ट धरू नये.

गहू निघाल्यावर शेतांत नरवाई, म्हणजे उरलेली धसकटं जळतात, तेव्हा बायपासच्या बाजूच्या कॉलन्यांत काळी राख गाड्यांवर पडते. ती हलकी असते, बोट लावलं की फुटते आणि पसरते. तिला पुसायच्या आधी हातपंपाने नीट भिजवा, नेहमीपेक्षा दुप्पट फवारा द्या.

पक्ष्याची घाण दिसली तर त्यावर द्रावणात भिजलेलं कापड पाच मिनिटं नुसतं ठेवून द्या. मग दोन बोटांत पकडल्यासारखी उचला, घासू नका. कबुतराच्या विष्ठेत बारीक खडे असू शकतात.

पहिला दिवस, एकच दार

पहिल्याच दिवशी अख्खी गाडी काढू नका. ड्रायव्हरच्या बाजूचं एक दार घ्या, तेही सावलीत आणि पत्रा गार असताना. हाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघा, कोमट लागला तरी थांबा. एप्रिल-मे महिन्यात याचा अर्थ सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी दिवे लागल्यावर.

दारावर हातपंपाने वरून खालपर्यंत फवारा मारा. पत्रा पूर्ण ओला दिसला पाहिजे, नुसते थेंब नकोत. एक-दीड मिनिट थांबा. दाराच्या खालच्या कडेवरून मातकट ओघळ जमिनीवर पडायला लागतील. जितकी धूळ अशी आपोआप गेली, तितकी तुमच्या कापडाखाली येणार नाही.

आता बादलीतून एक कापड काढा. हलकं दाबा, पिळून कोरडं करू नका, त्यातून थोडं पाणी टपकत राहिलं पाहिजे. त्याची एकदा घडी, मग दुसरी घडी: तळहातापेक्षा जरा मोठा चौकोन होईल. अशा घडीला उलगडत-उलटत वापरायला आठ स्वच्छ बाजू मिळतात.

तो चौकोन दाराच्या वरच्या भागावर ठेवा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ ओढा. हात दाबायचा नाही, कापडाचं स्वतःचं वजन पुरतं. गोल फिरवायचं नाही, मागे-पुढे करायचं नाही. एक ओढ, मग कापडाची बाजू बदला, त्याच्या खालच्या पट्ट्यावर दुसरी ओढ. पहिली बाजू उलटून बघा: तिच्यावर राखाडी पट्टा उमटलेला असेल, मध्ये कुठे कुठे काळे ठिपके. तीच बाजू परत रंगावर लागली तर ते ठिपके ओरखडे होतात. ते दिसले की उरलेलं सगळं आपोआप समजतं.

दाराचा खालचा वीतभर भाग सगळ्यात मळकट असतो, तो शेवटच्या दोन बाजूंनी. कापड संपलं की ते बादलीत परत टाकायचं नाही. या सगळ्या पद्धतीत न मोडण्यासारखा नियम एकच असेल तर तो हाच. वापरलेलं कापड वेगळ्या डब्यात जातं, म्हणजे बादलीतलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं आणि दुसऱ्या बादलीची गरज पडत नाही.

लगेच कोरडा टॉवेल घ्या, पसरून दारावर टाका आणि दोन कोपरे धरून खाली ओढा. मग उलटून हलकेच एक हात. द्रावण वाळायच्या आत हे झालं पाहिजे.

आता शेजारच्या दाराशी तुलना करा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून दोन्ही दारं बघा. धुळीचा पट्टा राहिलेला दिसला तर फवारा कमी पडला. धुरकट लाटा दिसल्या तर द्रावण जास्त झालं किंवा टॉवेल आधीच ओला होता. हात फिरवल्यावर खरखर लागली तर ती धूळ नाही, रंगात रुतलेले बारीक कण आहेत. ते रिन्सलेसने निघत नाहीत, त्यासाठी क्ले बार, म्हणजे असे कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी लागते. (क्ले बार चालवताना हेच द्रावण जरा दाट करून वंगण म्हणून चालतं, ऑप्टिममसाठी लिटरला 16 मिलि. पण ते काम वर्षातून एकदा-दोनदा, दर रविवारी नाही.)

मग पूर्ण गाडी

क्रम वरून खाली: छत, काचा, बॉनेट, डिकी, दारांचे वरचे भाग, मग खालचे, शेवटी बंपर. एका वेळी एकच भाग: फवारा, थांबा, ओढा, कोरडं करा, पुढे चला. सगळी गाडी एकदम भिजवून ठेवली तर मागचं दार येईपर्यंत छत वाळलेलं असतं. छताला उंच गाडीत स्टूल लागेल. स्टूल गाडीला टेकवू नका, आणि पोटावर पट्ट्याचं बक्कल असेल तर तेही आठवणीने काढा.

कापड जमिनीवर पडलं की ते गेलं. झटकून परत वापरायचं नाही, पार्किंगच्या फरशीवरची वाळू झटकल्याने जात नाही. म्हणून नेमकी आठ लागत असतील तर नऊ भिजवा.

काचांना तेच कापड चालतं, पण पुसल्यावर एक धुरकट पडदा राहू शकतो, विशेषतः ज्या द्रावणात मेण असतं त्यांच्या बाबतीत. साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने एक हात, मग कोरड्याने दुसरा, एवढ्याने जातो. पुढच्या काचेवर हे न चुकता करा, रात्री समोरून दिवे आले की तो पडदा डोळ्यांत येतो. वायपरच्या खालच्या खाचेतली पानं हाताने काढा. वायपरचं रबरही ओल्या कापडाने एकदा पुसा, त्यावर निघणारी काळी रेघ बघून आश्चर्य वाटेल.

चाकं शेवटी आणि त्यांची कापडं कायमची वेगळी. ब्रेकच्या धुळीत धातूचे कण असतात, ते कापड चुकून रंगाला लागलं तर सगळी मेहनत पाण्यात. सगळं पुसून झाल्यावर बादलीत जे स्वच्छ पाणी उरेल ते चाकांच्या डब्यात ओता आणि त्यातच काम संपवा. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर ब्रेकची डिस्क गार होऊ द्या, मग पाणी लावा. दारांच्या आतल्या कडा आणि पेट्रोलच्या झाकणाची खाच चाकांच्या आधी, शेवटच्या उरलेल्या स्वच्छ कापडाने.

सवय झाली की हॅचबॅकला चाळीसेक मिनिटं लागतात. पहिल्यांदा दीड तास धरा.

रोजचा पोछा थांबवा

आठवड्यातून एकदा हे सगळं केलं आणि रोज सकाळी गाड्या पुसणारे दादा त्यांचं एकच फडकं सोसायटीतल्या पंधरा गाड्यांवरून फिरवून तुमच्याकडे आले, तर केलेलं सगळं वाया. पैसे बंद करायची गरज नाही. त्यांना सांगा, फक्त काचा पुसा आणि आतलं मॅट झटका. पिसांचा झाडू किंवा मेणाचा डस्टर कोरड्या धुळीवर चालवणं हाही पोछाच. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी गाडीवर दव पडतं, तेव्हा पत्रा ओला दिसतो म्हणून पुसायचा मोह होतो. त्या दवात फक्त कालची धूळ भिजलेली असते, निसरडेपणा काहीच नसतो. आणि धूळ असलेल्या गाडीवर कव्हर घातलं तर वाऱ्याने ते हलत राहतं आणि रात्रभर घासत बसतं.

मॅट रंगाची गाडी असेल तर मेण असलेलं द्रावण घेऊ नका, ठिकठिकाणी चमक येते आणि ती काढणं अवघड. सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाड्यांना ही पद्धत उलट जास्त मानवते, धूळ लवकर सुटते.

कापडं

वापरलेली कापडं त्याच दिवशी साध्या पाण्यात खळबळून काढा, वाळली की माती लवेत घट्ट बसते. मग मशीनमध्ये फक्त तीच, थंड किंवा कोमट पाणी आणि लिक्विड डिटर्जंट. सुती कपड्यांबरोबर टाकली तर त्यांचे धागे लवेत अडकतात. कम्फर्टसारखं फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही, त्याचा थर बसला की कापड पाणी शोषत नाही. बोअरच्या पाण्याने कापडं कडक झाली असतील तर शेवटच्या पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाका. वाळत घालताना कंपाउंडच्या भिंतीवर नको, गच्चीवरच्या दोरीवर घाला, वाळली की झाकणाच्या डब्यात ठेवा.

कापडाचं वय बोटांना कळतं. हात फिरवताना लव मऊ लागण्याऐवजी अडखळायला लागली, किंवा धुऊनही मधला राखाडी डाग राहिला, की ते रंगावरून उतरवा. त्याच्या कोपऱ्याला मार्करने फुली मारा आणि चाकांच्या डब्यात टाका. तिथे ते आणखी सहा महिने जातं, मग इंजिनखालच्या तेलाला.